घनतेच्या नकाशात मुंबई सोडून अख्खा महाराष्ट्र एकाच रंगात

प्रश्न:
२०११ च्या जनगणनेवरून ३५ जिल्ह्यांचा लोकसंख्या-घनतेचा नकाशा जिओपांडाजमध्ये (पायथनची नकाशे काढायची लायब्ररी) काढतेय. मुंबईचे दोन्ही जिल्हे पिवळेधमक, बाकी सगळं गडद जांभळं. पुणे आणि गडचिरोली सारखेच दिसतात! घनतेच्या कॉलमचा लॉग (१०० चा २, १,००० चा ३) घेतला की फरक दिसतो, पण कलरबारवर, म्हणजे रंगांच्या सूचीपट्टीवर, २, ३, ४ येतात. नकाशा नववीच्या वर्गात लावायचाय, मुलांना त्यातून काय कळणार?

उत्तर:
मुंबई उपनगर दर चौरस किलोमीटरला २०,९८०, पुणे ६०३, गडचिरोली ७४. साध्या पट्टीवर पुणे पहिल्या तीन टक्क्यांतच आटोपतं, मग जांभळंच दिसणार.

कॉलमला हात लावू नका. प्लॉट करताना नॉर्म (आकड्याला रंग कसा द्यायचा ते ठरवणारं माप) म्हणून लॉगनॉर्म द्या, व्हीमिन (किमान) ५० आणि व्हीमॅक्स (कमाल) २५,००० त्यालाच सांगा. रंग लॉगने ठरतात, कलरबारवर मात्र १००, १,०००, १०,००० अशी खरी घनता राहते. गडचिरोली तळाशी, पुणे साधारण ४० टक्क्यांवर, मुंबई टोकाला.

एक मात्र कराच. उपनगरची घनता ठाण्याच्या (१,१५७) अठरापट आहे, आणि लॉगच्या रंगांत ती गर्दी सौम्य वाटते. मुलांचा गैरसमज व्हायला नको, म्हणून कलरबारखाली ठळक लिहा: ‘प्रत्येक मोठी खूण आधीच्या दसपट’.

दुसरं उत्तर:
पुढे गावपातळीवर गेलात तर बेचिराख, म्हणजे निर्मनुष्य, गावं आडवी येतील. शून्याचा लॉग नसतो. सगळीकडे १ मिळवण्याचा जुगाड नको, तिथे माणूस राहत नाही हेच त्यात पुसलं जातं. शून्याच्या जागी नॅन (‘आकडा नाही’ची खूण) ठेवा, त्यांना राखाडी रंग द्या आणि सूचीत ‘वस्ती नाही’ लिहा.

प्रश्नकर्ती:
जमलं! सिंधुदुर्ग (१६३) आणि पुणे आता वेगळे दिसतात. २००१–२०११ ची वाढही दाखवायचीय. मुंबई शहर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग ऋण आहेत. सिमलॉगनॉर्म (शून्याच्या दोन्ही बाजूंना लॉग लावणारा नॉर्म) वापरू?

पहिलाच उत्तरकर्ता:
ऋण आकडे त्याला चालतात, पण इथे गरज नाही. सगळी टक्केवारी उणे दहा ते चाळीसच्या आत आहे, लॉग लावून मुलांना उगाच कोड्यात पाडाल. टूस्लोपनॉर्म घ्या, मध्य शून्यावर ठेवा, घट लाल आणि वाढ निळी. फक्त त्यात शून्याच्या दोन्ही बाजूंची मापं वेगळी असतात, तेव्हा दोन्ही टोकांचे आकडे कलरबारवर दिसू द्या.