समुद्रात टाकलेल्या कचऱ्यावर पाळत ठेवून काय साधतं?

टॉवेलगल्ली: काल टपरीवर वाद अर्धवट राहिला, म्हणून इथं धागा काढतोय. समुद्रात कचरा टाकण्याबद्दलचा देशादेशांतला १९७२ चा लंडन करार आणि त्याला जोडून आलेला १९९६ चा प्रोटोकॉल. या प्रोटोकॉलमध्ये उलटी यादी आहे: यादीत असेल तेवढंच समुद्रात टाकायचं, तेही परवाना घेऊन, आणि मग परिणाम तपासत बसायचं. माझ्या मते हे ढोंग आहे. आमच्या मागच्या ओढ्याला कारखान्यांच्या रंगामुळं कधी लाल, कधी निळं पाणी असतं. नमुना घ्यायला साहेब येणार म्हटलं की आदल्या रात्रीपासून काचेसारखं. घरामागं ही गत, मग खोल समुद्रात कोण बघतंय?

सीनाकाठ: एकदम ढोंग म्हणू नका. न्यूयॉर्कवाले १९२४ पासून मैल्याचा गाळ किनाऱ्यापासून १२ मैलांवर टाकायचे. पुढं तो १०६ मैलांवर नेला, अडीच हजार मीटर खोल पाण्यात. तिथं तो विरून जाईल, तळाला पोचणारच नाही, असा हिशेब. तपासलं तर तळावरच्या काटेरी अर्चिन प्राण्यांच्या अंगात त्याच गाळातला नत्र सापडला. १९९२ ला टाकणं बंद झालं.

टॉवेलगल्ली: थांबा की! बंदीचा कायदा १९८८ चा. न्यू जर्सीच्या किनाऱ्याला इंजेक्शनच्या सुया लागल्या, लोक भडकले, तेव्हा झाला. त्या सुया गाळातल्या नव्हत्याच, पण काम त्यांनी केलं. अर्चिनमधलं ते नंतर सापडलं.

चादरवाले_मामा: अरे, सोलापुरात समुद्र कुठाय? उजनीचं पाणी नळाला कधी येणार ते बघा आधी.

सीनाकाठ: मामा, सीना कुडलला भीमेला मिळते, भीमा रायचूरजवळ कृष्णेला, कृष्णा बंगालच्या उपसागराला. आपला रंग तिकडंच निघालाय.

टॉवेलगल्ली: आणि तो या करारात मोजतच नाहीत! जहाजातून टाकला तर परवाना, नदीतून गेला तर तो करार गप्प.

सीनाकाठ: ते खरंय. सुयांचंही मान्य. पण पद्धत फेकून देऊ नका. टाकण्याआधीच तळाचा चिखल काढून ठेवायचा, आणि जिथं काही टाकलेलं नाही अशा तसल्याच जागेचाही काढायचा. मग टाकण्याआधीचे नि नंतरचे, दोन्हीकडचे किडे मोजायचे. घाण वाढली की नाजूक जाती जातात, कॅपिटेला नावाचा चिवट किडा माजतो. चिखलातले धातूही तपासायचे. आधीची नोंद नसेल तर मात्र सगळं फुकट, ‘असंच होतं पहिल्यापासून’ म्हणायला सगळे मोकळे. तुमच्या ओढ्याचंही तेच. साहेब पाण्याची बाटली भरून नेतात ना? पाणी एका रात्रीत बदलतं, चिखल नाही.

चादरवाले_मामा: हे बरोबर बोलला. आमच्या हौदाच्या तळाला अजून जुना रंग आहे, कितीदा धुतला तरी.

टॉवेलगल्ली: बरं, रविवारी दोन डबे चिखल भरतो. एक कारखान्यांच्या वरच्या अंगाचा, एक खालचा. पण तपासून कोण देणार, आणि पैसे कोण भरणार? मामा, तुम्ही?