१६ टचडाऊनवरून ६०: जो बरो बदलला की त्याच्याभोवतीचा संघ?

प्रश्न

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉल मी बरीच वर्षे पाहतो आहे, परंतु जो बरो या क्वार्टरबॅकच्या, म्हणजे संघाचे आक्रमण चालवून पास फेकणाऱ्या खेळाडूच्या, कारकिर्दीचा हिशेब मला अजून लागलेला नाही. २०१५ ते २०१७ या काळात तो ओहायो स्टेट विद्यापीठात होता आणि तेथे त्याने अवघे ३९ पास फेकले. २०१८ मध्ये तो लुइझियाना स्टेटमध्ये, म्हणजे एलएसयूमध्ये आला. त्या हंगामात त्याचे टचडाऊन पास (ज्यांवर सहकारी प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे पोहोचून गुण मिळवतो) १६ आणि अचूकता (सहकाऱ्यांनी झेललेल्या पासचे प्रमाण) ५७.८ टक्के होती. हे आकडे वाईट नव्हेत, पण असे क्वार्टरबॅक दर हंगामात डझनाने सापडतात. पुढच्याच वर्षी, त्याच गणवेशात आणि एड ओर्जेरॉन या त्याच मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली, त्याने ६० टचडाऊन पास फेकले, ५,६७१ यार्ड मिळवले आणि अचूकता ७६.३ टक्क्यांवर नेली. एलएसयूने पंधराच्या पंधरा सामने जिंकले, वर्षातील सर्वोत्कृष्ट महाविद्यालयीन खेळाडूचा हाइझमन करंडक बरोला मिळाला आणि एप्रिल २०२० मध्ये सिनसिनाटी बेंगल्स या व्यावसायिक संघाने त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या वार्षिक खेळाडू-निवडीत, सर्वांत आधी निवडले. बावीस वर्षांचा खेळाडू एका उन्हाळ्यात एवढा बदलू शकतो का? की हे श्रेय मुळात दुसऱ्या कोणाचे आहे?

पहिले उत्तर

माझ्या मते श्रेयाचा मोठा वाटा खेळाच्या पद्धतीला द्यावा लागेल. एलएसयूचा आक्रमक खेळ अनेक वर्षे जुन्या वळणाचा होता: चेंडू घेऊन धावायचे, बचाव भक्कम ठेवायचा आणि पास अगदी गरजेपुरता फेकायचा. २०११ च्या हंगामात याच पद्धतीने त्यांनी अलाबामाला ९-६ असे हरवले, आणि जानेवारी २०१२ मध्ये विजेतेपदाच्या सामन्यात त्याच अलाबामाने त्यांना २१-० अशी धूळ चारली. २०१८ मध्ये, म्हणजे बरो संघात असतानाही, अलाबामाविरुद्ध एलएसयूला एकही गुण मिळवता आला नाही. तो सामना २९-० असा गेला.

त्यानंतर न्यू ऑर्लिन्स सेंट्स या व्यावसायिक संघातून जो ब्रेडी हा तरुण साहाय्यक प्रशिक्षक आला. डाव पुकारण्याचे काम स्टीव्ह एन्समिंगर यांच्याकडेच राहिले, परंतु पासची संपूर्ण रचना ब्रेडीने नव्याने बसवली. पाच-पाच खेळाडू पास झेलण्यासाठी मैदानभर पसरवायचे, बचावपटूंना मधली जागा मोकळी सोडायला भाग पाडायचे आणि निर्णय क्वार्टरबॅकवर सोपवायचा, हा त्या रचनेचा गाभा होता.

शिवाय सोबतचे खेळाडूही पाहा. जमार चेसने त्या हंगामात १,७८० यार्ड आणि २० टचडाऊन मिळवले, जस्टिन जेफरसनने १,५४० यार्ड आणि १८ टचडाऊन. क्लाइड एडवर्ड्स-एलेअर धावण्यात तर होताच, पण त्याने ५५ पासही झेलले. पुढच्या ड्राफ्टमध्ये या एका संघातून १४ खेळाडू निवडले गेले. इतके सगळे हाताशी असताना साधारण बरा क्वार्टरबॅकही चमकला असता. साठ टचडाऊन कदाचित झाले नसते, पण पस्तीस-चाळीस नक्कीच झाले असते.

दुसरे उत्तर

वरील उत्तरातील तपशील बरोबर आहेत, परंतु निष्कर्ष मला घाईचा वाटतो. सगळे जण २०१८ च्या हंगामाची बेरीज पाहतात, तो हंगाम पुढे कसा सरकला हे पाहत नाहीत. बरो एलएसयूमध्ये आला तो वसंतातील सराव संपल्यानंतर, त्यामुळे नवे सहकारी आणि नव्या खुणा त्याला उन्हाळ्यात घाईघाईने शिकाव्या लागल्या. वर्षाच्या शेवटी टेक्सस ए अँड एमविरुद्धचा सामना सात जादा डावांपर्यंत ताणला आणि एलएसयू ७४-७२ असे हरले. हरणाऱ्या संघाच्या नावावर ७२ गुण लागावेत, हा प्रकार क्वचितच घडतो. पुढे १ जानेवारी २०१९ च्या फिएस्टा बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात सेंट्रल फ्लोरिडाविरुद्ध सुरुवातीलाच त्याचा पास अडवला गेला, प्रतिस्पर्धी चेंडू घेऊन धावत असताना बरोला बाजूने असा धक्का बसला की तो आडवाच झाला, आणि तरीही त्याच सामन्यात त्याने ३९४ यार्ड आणि चार टचडाऊन पास केले. म्हणजे हंगामातील सोळापैकी चार या एका दुपारचे, आणि तेव्हा ब्रेडी संघात आलेलाही नव्हता.

दुसरा मुद्दा ७ सप्टेंबर २०१९ चा. ऑस्टिनमध्ये टेक्ससविरुद्ध एलएसयू ३७-३१ असे पुढे होते, अडीच मिनिटे उरली होती आणि चेंडू ताब्यात राखायला तिसऱ्या डाउनवर, म्हणजे चारपैकी तिसऱ्या प्रयत्नात, १७ यार्ड हवे होते. एलएसयूच्या जुन्या पद्धतीत येथे चेंडू घेऊन धावून वेळ काढला गेला असता आणि मग चेंडू लाथाडून दिला गेला असता. बरोवर बचावपटू चालून आले, तो दोन पावले पुढे सरकला आणि धावता धावताच त्याने जेफरसनकडे चेंडू फेकला. तो ६१ यार्डांचा टचडाऊन ठरला. सामना शेवटी ४५-३८ असा संपला. दडपणाखाली नजर खाली न करता पुढे सरकणे हे फळ्यावरच्या आकृतीतून येत नाही. मला विचाराल तर हंगाम खरा त्या एका पासने सुरू झाला. नोव्हेंबरात अलाबामाला त्यांच्याच मैदानावर ४६-४१ असे हरवले, तेव्हा मला त्याचे फारसे आश्चर्य वाटले नाही.

आणि ब्रेडीची रचना एवढी निर्णायक असती, तर कॅरोलायना पँथर्स या व्यावसायिक संघात गेल्यावरही तिने तसाच चमत्कार केला असता. तेथून २०२१ च्या डिसेंबरात त्याला काढून टाकण्यात आले. बरो मात्र त्याच हंगामात बेंगल्सना सुपर बोलपर्यंत, म्हणजे व्यावसायिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत, घेऊन गेला.

पहिल्या उत्तरदात्याचा प्रतिसाद

ब्रेडीविषयीचा मुद्दा मान्य. तरीही सुपर बोलच्या त्या हंगामात बेंगल्समध्ये चेस पुन्हा बरोच्याच जोडीला होता, हे आपण सोयीस्करपणे गाळलेत.

तिसरे उत्तर

दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट राहून गेली आहे, ती म्हणजे नियम. ओहायो स्टेटमधील पहिले वर्ष बरो रेडशर्ट होता, म्हणजे तो संघाबरोबर सराव करत होता, पण न खेळल्यामुळे खेळण्याच्या हक्काची चारही वर्षे त्याच्याकडे शाबूत राहिली. पुढे जे. टी. बॅरेट हा मुख्य क्वार्टरबॅक असल्याने त्याला संधी मिळाली नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये सरावात त्याच्या फेकण्याच्या हाताचे हाड मोडले आणि त्या अवधीत ड्वेन हॅस्किन्स त्याच्या पुढे गेला. तेव्हाच्या नियमानुसार विद्यापीठ बदलणाऱ्या खेळाडूला एक वर्ष बाहेर बसावे लागे, मात्र पदवी पूर्ण केलेल्याला ही अट नव्हती. बरोने तीन वर्षांत पदवी मिळवली, त्यामुळे तो लगेच खेळू शकला आणि त्याच्या हाती दोन हंगाम उरले. दुसरा हंगाम मिळालाच नसता, तर आज हा प्रश्न विचारण्याची वेळच आली नसती.

हा अपवादही नव्हता. २०१९ च्या हाइझमनच्या मतदानात पहिले तिघेही विद्यापीठ बदललेले क्वार्टरबॅक होते: बरो, अलाबामाहून ओक्लाहोमाला गेलेला जेलेन हर्ट्स आणि जॉर्जियाहून ओहायो स्टेटला आलेला जस्टिन फील्ड्स. त्याआधीचे दोन विजेते, बेकर मेफील्ड आणि कायलर मरे, हेही तसेच.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. रेडशर्टचा हिशेब माझ्या ध्यानातच आला नव्हता. एक उपप्रश्न: २०२१ पासून पदवी नसतानाही बाहेर न बसता विद्यापीठ बदलता येते. ही सवलत आधीच असती, तर बरोने ओहायो स्टेट लवकर सोडले असते का?

तिसऱ्या उत्तरदात्याचा प्रतिसाद

मला वाटते, २०१६ नंतरच सोडले असते. मात्र तसे झाले असते तर एखाद्या लहान संघात त्याचे दोन-तीन हंगाम खर्ची पडले असते, आणि ब्रेडी, चेस व जेफरसन एकत्र आले त्या वर्षी तो त्यांच्यासोबत असता की नाही, कोण जाणे. नोव्हेंबर २०१७ मध्ये मिशिगनविरुद्ध बॅरेट जखमी होऊन बाहेर गेला, तेव्हा मैदानात हॅस्किन्स उतरला आणि त्याने तो सामना जिंकून दिला. बरो त्या वेळी बाहेर उभा होता.