आईच्या हाताला मुंग्या, न्यूरोचे (नसांच्या डॉक्टरचे) ८०० रुपये भरावेत का?

आई तीसेक वर्षं विड्या वळते. दोन महिने झाले उजव्या हाताला मुंग्या यालेत, रात्री उठून हात झटकत बसते, परवा तर पानं कातरताना कात्रीच हातातून सुटली. गल्लीतल्या डॉक्टरांनी बी-कॉम्प्लेक्स दिलं, काय फरक नाही. आता न्यूरोला दाखवा म्हणालेत, तिथं नुसती फी ८०० आणि वर टेस्ट. आई म्हणती एवढ्या पैशात महिन्याचा गॅस येतो. काय करू?

> करंगळीला पण मुंग्या येतात का? अंगठा आणि शेजारची दोन बोटंच असतील तर मनगटात नस दबलेली असू शकते, माझ्या मावशीला तेच निघालं. आधी शुगर, थायरॉईड, बी १२ करून घ्या, न्यूरोसुद्धा तेच विचारणार, मग एकाच फीत काम होतं.

> सिव्हिलला सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा की ओ, ऑर्थोला, म्हणजे हाडांच्या डॉक्टरला, दाखवा. फुले योजनेचं कार्ड असलं तरी नुसत्या तपासणीच्या फीला चालत नाही, ते ॲडमिट व्हायच्या उपचाराला, उगं त्या भरवशावर जाऊ नका. आणि आईचं विडी कामगार कार्ड आहे का?

> कात्री सुटली म्हणजे पकड जात चाललीय, यात महिने घालवू नका बे. अंगठ्याखालचा मांसल भाग दुसऱ्या हातापेक्षा बारीक दिसत असेल तर सरळ ८०० भरा.

करंगळीला नाही येत. अंगठ्याजवळ खरंच खड्डा पडल्यासारखं दिसालंय. उद्या शुगर करतो, सोमवारी नंबर लावतो.