प्रति: जीपला रेस देताच इंजिन गचका खातं
भाऊ, मोठा कार्बोरेटर बसवल्यावर रेस देताच गचका येतो म्हणून मेन जेट (जास्त रेसला पेट्रोल मोजून सोडणारं छिद्र) वाढवू नका. पहिल्या दाबाला त्याचा संबंध थोडाच. थंड, बंद इंजिनवर एअर फिल्टर काढून थ्रॉटल (रेसची झडप) हाताने उघडा आणि कार्बोरेटरच्या तोंडात बघा. अ‍ॅक्सिलरेटर पंपाच्या (रेस देताच जादा पेट्रोल मारणारा कार्बोरेटरमधला छोटा पंप) नळीतून पेट्रोलची धार लगेच सुटायला हवी. तुटक सुटली तर पंपाचा डायफ्राम (आतला लवचिक पडदा) बघा, कडक झाला असेल. धार ठीक असेल तर अडॅप्टर प्लेटचं (मोठा कार्बोरेटर जुन्या जागी बसवायची प्लेट) पॅकिंग हवा घेतंय का ते तपासा. हे झाल्यावरच मिक्सचर स्क्रू (रेस न देता हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा): हलक्या हाताने पूर्ण आत (कचकन आवळला की स्क्रूचं सुईसारखं टोक गेलंच), तिथून दीड फेरा बाहेर, मग इंजिन गरम करून स्लो (रेस न देता चालणं) सर्वांत स्थिर लागेल तिथे ठेवा.

आणि चंद्रपूरच्या मे महिन्यात 45 अंशाला गाडी 10 मिनिटं उभी राहून सुरू होत नसेल, तर स्क्रूला हात लावू नका; उष्णतेने कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळत असतं. कार्बोरेटरखाली बॅकेलाइटचा (उष्णता अडवणारं कडक प्लास्टिक) जाड स्पेसर टाका, पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर न्या.