एमजीबी: जुने लिव्हर शॉक ठेवायचे की टेलिस्कोपिक बसवायचे?

गॅरेजवासी:

ओळखीतल्या एकाने नुकतीच १९७१ ची एमजीबी रोडस्टर घेतली. क्रोम बंपर, वायर व्हील, देखणी गाडी. पण मागचा एक शॉक (चाकाचे धक्के जिरवणारा भाग) गळतोय आणि गाडी ड्रायव्हरच्या बाजूला बसलीये. त्याने पार्ट विकणाऱ्याला फोन लावला, तर समोरच्याने अख्खा संच सुचवला: चारही चाकांना टेलिस्कोपिक शॉक, पुढे बुटक्या कडक स्प्रिंगा, मागे गाडी खाली आणणारे पाटे. इथे ब्रिटनमध्ये ही गाडी घेणाऱ्याला हा सल्ला हमखास मिळतो. मला तो पटत नाही.

गाडी माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. एमजीबी ही ब्रिटिश एमजी कंपनीची स्पोर्ट्स कार, १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनली, पाच लाखांहून जास्त. पुढे कॉइल स्प्रिंग, मागे अखंड ॲक्सल आणि कमानपाटे. शॉक मात्र मोटरसायकलला असतात तसे नळकांडीचे, म्हणजे टेलिस्कोपिक, नाहीत; हे लिव्हर शॉक. एक धातूचा ठोकळा, आत तेल आणि पिस्टन, बाहेर दांडा. चाक वरखाली झालं की दांडा हलतो आणि पिस्टन तेलाला व्हॉल्व्हमधून ढकलतो. पुढच्या शॉकचे दांडे तर वरच्या विशबोनचंही, म्हणजे चाक गाडीला जोडणाऱ्या वरच्या हाताचंही काम करतात. वळणावर आणि ब्रेक मारल्यावर चाकाचा जोर थेट त्यांच्यावर येतो.

माझं म्हणणं असं की आधी रबरी बुश (सांध्यांमध्ये बसणाऱ्या रबरी चकत्या), मग मूळ मापाच्या स्प्रिंगा आणि पाटे, मग नीट रिकंडिशन केलेले लिव्हर शॉक. एवढं करून गाडी चालवा आणि तरीही काही खटकलं तर पुढचं बघा. पन्नास वर्षांच्या गाडीत लोक ज्याला ‘शॉक गेलाय’ म्हणतात, ते पुष्कळदा चेपलेलं रबर असतं. पुढच्या खालच्या विशबोनचे बुश काढून बघा, एका बाजूने घासून भाकरीसारखे चपटे झालेले सापडतील. तिथे एमजीबीच्याच जीटी व्ही८ मॉडेलसाठी बनवलेले धातूच्या कवचातले बुश थेट बसतात, आणि माझ्या मते या गाडीवर केलेल्या खर्चात सगळ्यात सार्थकी लागणारा खर्च तोच.

आता कडक स्प्रिंगांबद्दल. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. तार फक्त १० टक्के जाड घेतली तर स्प्रिंग जवळजवळ ४६ टक्के कडक होते. तिला आवरायला शॉकचा विरोधही २१ टक्क्यांच्या आसपास वाढवावा लागतो. म्हणजे कडक स्प्रिंग घेतली की नवे शॉक आलेच. पार्ट विकणारा संच विकतो तो उगीच नाही. पण मूळ स्प्रिंग ठेवली तर ती गरजच पडत नाही.

आणि बुटक्या स्प्रिंगांनी पुढून गाडी फार खाली आणली की खालची विशबोन चाकाकडे वर चढू लागते. रोल सेंटर, म्हणजे वळणावर बॉडी ज्या बिंदूभोवती झुकते तो, गाडीपेक्षा जास्त खाली जातो आणि वळणावर बॉडी आणखी झुकायला बघते. मग ते झुकणं रोखायला जाड अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा दांडा). याला अंत नाही.

डोंगरवाट:

साफ असहमत. बुशबद्दल बोललात ते शंभर टक्के खरं, पण लिव्हर शॉकचं एवढं कौतुक मला समजत नाही.

माझ्याकडे १९७८ ची रबर बंपरची आहे, डर्बीशायरच्या रस्त्यांवर चालवतो. तिथला डांबर ठिगळाठिगळांचा, मध्येच गुरांसाठी टाकलेल्या लोखंडी जाळ्या. लिव्हर शॉकमध्ये पिस्टनची हालचाल चाकाच्या हालचालीपेक्षा कितीतरी कमी असते, त्यामुळे आतला दाब प्रचंड वाढतो. तेल थोडं, ते लवकर तापतं, पातळ होतं, आणि लांब खराब रस्त्याच्या शेवटी मागचा ॲक्सल उड्या मारायला लागतो. टेलिस्कोपिकमध्ये तेल जास्त, स्ट्रोक लांब, शिवाय तो उघड्यावर, वाऱ्यात असतो. माझ्या गाडीत फरक पहिल्याच वळणात कळला. चाक रस्त्याला चिकटून राहतं.

दुसरं, ‘नीट रिकंडिशन केलेले’ हे तुम्ही सहज लिहून गेलात. ते मिळतात कुठे? दांड्याचा शाफ्ट ठोकळ्यातल्या भोकात फिरतो आणि ते भोक झिजतं. झिजलेल्या भोकात नवं सील घातलं तरी शाफ्ट डुगडुगतो आणि तेल पुन्हा बाहेर. एक्सचेंजमध्ये, म्हणजे जुना देऊन, मला आलेला शॉक बाहेरून चकचकीत रंगवलेला होता, पण वर्ष संपायच्या आत गळला.

आणि मूळपणाचा मुद्दा काढणार असाल तर हेही बघा: १९९३ साली रोव्हरने याच बॉडीवर एमजी आरव्ही८ काढली, तिला टेलिस्कोपिक शॉक दिले. मागे अखंड ॲक्सल आणि पाटे तेच ठेवले. लिव्हरमध्ये एवढी जादू असती तर तेही ठेवले असते.

गाडी खाली घेण्यावरही सरसकट फुली मारू नका. अमेरिकेतल्या नियमांसाठी १९७४ च्या शेवटापासून रबर बंपर आले आणि गाडी इंचभर वर उचलली गेली. १९७५ च्या मॉडेलला तर पुढचा अँटी-रोल बारही काढून टाकला होता. आमच्यासारखे खाली घेतात ते क्रोम बंपरच्या मूळ उंचीवर परत यायला.

शनिवारफेरी:

दोघांनीही टायरचा विषय सोडला. बाजूवर कोरलेले तारखेचे चार आकडे आधी वाचा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. खोबणी शिल्लक दिसते म्हणून लोक पंधरा वर्षांचे टायर ठेवतात आणि त्या लाकडासारख्या कडक झालेल्या टायरचा दोष शॉकवर ढकलतात. १६५ रुंदीचे नवे टायर चढवा आणि हवा बरोबर भरा, मग शॉकवर बोला.

कमानपाटा (पुणे):

माझा या गाडीशी संबंध नाही, पण जीप आणि ट्रकच्या पाट्यांमध्ये उमेद गेली, तेवढ्यापुरतं लिहितो.

बसलेले पाटे आमच्याकडे ठोकून पुन्हा बाक देऊन बसवतात. ट्रकला चालतं, काम भागतं. हौसेच्या हलक्या गाडीला करू नका. पोलाद थकलेलं असेल तर तो बाक टिकत नाही, आणि डावा-उजवा सारखा येईल याची खात्री नाही. नवे घ्या, आणि घ्याल तर जोडीनेच. एका बाजूला नवा आणि एका बाजूला जुना ठेवला की गाडी तिरकीच उभी राहणार.

मागचा ॲक्सल जागेवर धरणारी दुसरी काही व्यवस्था या गाडीत नाही, पाटेच धरतात. उंची देणं आणि ॲक्सल धरणं अशी दोन्ही कामं त्यांचीच. म्हणून शॉकआधी त्यांच्याकडे बघायचं, यात मी धागाकर्त्याच्या बाजूने.

आणि एक गोष्ट बहुतेक जण चुकवतात. पाट्यांच्या दोन्ही टोकांचे बोल्ट गाडी जॅकवर असताना पक्के आवळू नका. चाकं जमिनीवर टेकवा, गाडीला चार धक्के देऊन बसू द्या आणि मग आवळा. लटकत्या अवस्थेत आवळलं तर रबरी बुश कायमचा पिळलेला राहतो. तो लवकर फाटतो आणि उंचीही खोटी दिसते.

कागदोपत्री:

तांत्रिक वादात पडत नाही, पण ब्रिटनमधल्यांनी हे ध्यानात ठेवा. २० मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या गाड्यांना एमओटी (दरवर्षीची सक्तीची तपासणी) माफ आहे, पण गाडीत मोठा बदल केलेला नसेल तरच. सस्पेन्शनचा प्रकार किंवा पद्धत बदलणे हे त्या मार्गदर्शनात मोठ्या बदलात मोडते. सुरक्षितता किंवा कार्यक्षमता वाढवण्यासाठी ॲक्सल व रनिंग गिअरमध्ये (चाकं, सस्पेन्शन वगैरे) केलेल्या बदलांना मात्र त्यात सूट आहे. म्हणून पावत्या जपून ठेवा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. विम्याच्या बाबतीत ‘सगळेच करतात’ हे उत्तर चालत नाही.

गॅरेजवासी:

डोंगरवाट, मागच्या बाजूबद्दल माझं तुमच्याशी भांडण कमी आहे. मागचा लिव्हर फक्त शॉकचं काम करतो, तो काढून टेलिस्कोपिक बसवला तर गाडीची भूमिती बदलत नाही, आणि उद्या वाटलं तर जुना परत लावता येतो. आरव्ही८ चा दाखला मात्र मला अर्धाच पटतो. तिच्या पुढच्या बाजूची रचनाच नवी होती. नुसता शॉक बदलून ती गाडी बनली नाही.

माझा खरा विरोध पुढच्या स्वस्त किटला आहे. त्यात लिव्हर शॉक तसाच राहतो, फक्त व्हॉल्व्ह काढून टाकतात आणि शेजारी एक नळकांडी लटकवतात. म्हणजे तुम्ही म्हणता ते झिजलेलं भोक, तो डुगडुगणारा शाफ्ट जिथल्या तिथे, आणि चाकाचा सगळा जोर अजूनही त्यावरच. पैसे गेले, पण मूळ दुखणं तसंच राहिलं. पुढे बदलायचंच असेल तर वरच्या विशबोनसकट पूर्ण बदला. तो खर्च अनेकपट आहे, हे आधी सांगणारा विक्रेता मला अजून भेटलेला नाही.

रिकंडिशन शॉक आल्या आल्या तपासता येतो. ठोकळा बाकावर व्हाइसमध्ये घट्ट धरायचा आणि दांडा हाताने हळूहळू पूर्ण वरखाली करायचा. विरोध सगळीकडे सलग हवा. मध्येच दांडा मोकळा सुटला तर आत हवा आहे किंवा व्हॉल्व्ह गेलाय. मग दांडा आडवा हलवून बघा. खडखड लागली तर भोक झिजलेलंच आहे, तसाच परत पाठवा. रंग बघून घेऊ नका.

आणि पुढचा शॉक घरी काढणाऱ्यांसाठी: स्प्रिंगच्या खालच्या ताटलीखाली जॅक लावल्याशिवाय त्याला पाना लावू नका. तोच वरची विशबोन असल्यामुळे तो सुटला की दबलेली स्प्रिंग सुटते. त्यात जीव जाऊ शकतो.

डोंगरवाट:

पुढच्या किटबद्दल मान्य, मीही पुढे लिव्हरच ठेवलेत. मागचा हट्ट मात्र सोडत नाही. गळका शॉक बदलायचाच आहे, मग गळण्याची जास्त शक्यता असलेलीच वस्तू पुन्हा का विकत घ्यायची? कागदोपत्रींनी सांगितलेली सुरक्षिततेची सूट अशाच बदलासाठी आहे, असं मी समजतो.

फक्त बसवताना तुमच्या ओळखीच्यांना दोन गोष्टी सांगा. ॲडजस्टेबल शॉक घेतले तर सगळ्यात मऊ सेटिंगपासून सुरुवात करू दे. बहुतेक जण पहिल्याच दिवशी कडक करतात आणि मग पाठ धरली म्हणून किटला शिव्या देतात. आणि ॲक्सल जास्त खाली लटकू नये म्हणून जे रबरी पट्टे दिलेले आहेत, ते तुटलेले असतील तर आधी नवे लावू दे. ते नसताना गाडी जॅकवर उचलली तर अख्ख्या ॲक्सलचं वजन शॉकच्या दांड्यावर लटकतं, मग तो लिव्हर असो की टेलिस्कोपिक.

गॅरेजवासी:

पट्टे आजच बघायला सांगतो. नवे पाटे आणि व्ही८ बुश त्याने मागवलेत. ते बसवून झाल्यावर भरल्या गाडीत खराब रस्त्यावर ॲक्सल उडतो का ते बघू. उडाला, तर मागे टेलिस्कोपिक लावायला मी स्वतः पाना घेऊन जाईन. पुढे मात्र लिव्हरच.