पन्नाशीनंतर पीएसए तपासणी: सरसकट करावी का?

डोंगरवाट:
माझं वय ५२. ऑफिसच्या वार्षिक तपासणीत यंदा पुरुषांसाठी पीएसए घातली आहे. साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड आणि त्याच ओळीत ही. कुणी विचारलं नाही, समजावलं नाही. माझा याला स्पष्ट विरोध आहे. पीएसए हे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीतलं प्रथिन, ते रक्तात मोजतात. या ग्रंथीच्या कर्करोगात ते वाढतं, पण वयामुळे ग्रंथी मोठी झाली तरी वाढतं आणि लघवीला जंतुसंसर्ग झाला तरी वाढतं. आकडा ४ च्या वर गेला की घरातल्यांची झोप उडते आणि बायोप्सीची (सुईने ग्रंथीचा तुकडा काढून तपासण्याची) बोलणी सुरू होतात. सापडलेल्या गाठींतल्या कित्येक इतक्या संथ असतात की जन्मभर त्रास दिला नसता. शस्त्रक्रिया झाली तर मात्र लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता जाण्याचा धोका खरा असतो. अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवा टास्क फोर्सने २०१२ मध्ये ही तपासणी सरसकट करू नका, असंच सांगितलं होतं.

आंबेमोहर:
पुढचं का गाळलंत? त्याच टास्क फोर्सने २०१८ मध्ये सल्ला बदलला. ५५ ते ६९ वयात डॉक्टरांशी बोलून ज्याचं त्याने ठरवावं, सत्तरीनंतर नको.
माझ्या बाबांची कंबर दुखायची. मणक्याची झीज समजून शेक, पट्टा, गोळ्या चाललं होतं. कळलं तेव्हा रोग हाडांत पोचला होता. सुरुवातीला याची बहुतेक वेळा काहीच लक्षणं नसतात हो! जास्तीच्या उपचारांची काळजी तुम्ही करा, मला उशिरा येणाऱ्या माणसांची वाटते.

डोंगरवाट:
तुमच्या बाबांचं वाचून वाईट वाटलं. पण युरोपातल्या मोठ्या अभ्यासात, ८ देशांतल्या १ लाख ६२ हजार पुरुषांत, २३ वर्षांनंतर हिशोब निघाला तो असा: तपासणीला बोलावलेल्या ४५६ जणांमागे एक मृत्यू टळला. उरलेल्यांनी काय सोसलं, तेही मोजा.

पाणकणीस:
एक मृत्यू म्हणजे एक घर, ते लहान मानू नका. आणि गाठ सापडली म्हणजे लगेच कापायची, असंही नाही. मी स्वतः देखरेखीवर आहे: ठरावीक काळाने पीएसए, गरज पडली तर एमआरआय. ब्रिटनमधल्या १,६४३ रुग्णांच्या अभ्यासात शस्त्रक्रिया, रेडिएशन किंवा नुसती देखरेख, काहीही केलं तरी १५ वर्षांत या रोगाने सुमारे ३ टक्केच गेले.

आंबेमोहर:
त्याच अभ्यासात देखरेखीच्या गटात ९.४ टक्के जणांचा रोग पसरला, शस्त्रक्रियेच्या गटात ४.७. शिवाय तुमच्या शहरात एमआरआय आहे. आमच्या तालुक्याला नाही. दर खेपेला जिल्ह्याला जायचं, मजुरी बुडवायची, हे किती जण निभावतील?

डोंगरवाट:
हा मुद्दा मान्य. म्हणूनच म्हणतो, रक्त काढण्याआधी माणसाला हे सगळं सांगा. पॅकेजात गुपचूप घालू नका.

आंबेमोहर:
सांगायला माझी कुठे ना आहे? पण माझा भाऊ ४६ चा आहे, वडिलांना झालेलं आहे. त्याच्या बाबतीत मी पंचावन्नची वाट बघणार नाही.

रानपाखरू:
रात्री तीनदा उठावं लागतं. मीही तपासून घेऊ का?

पाणकणीस:
या वयात ते बहुतेकदा ग्रंथी वाढल्याने होतं, कधी साखरेनेही. डॉक्टरांना दाखवाच. फिनास्टेराइड (वाढलेल्या ग्रंथीवरची गोळी) चालू असेल तर आधी सांगा, त्या गोळीने काही महिन्यांत पीएसए निम्म्यावर येतो आणि आकडा फसवतो. लघवीला जळजळ असेल तर आधी ती बरी होऊ द्या, मग रक्त द्या.