वायर तुटली म्हणून ऑक्सिजन सेन्सर टाकून देऊ नये

गाडीच्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर बिघडला तर तो पेट्रोलने धुवावा, असे सुचवले जाते. धुतल्यास काजळी निघेल, पण आतला झिर्कोनियाचा (ऑक्सिजन ओळखणाऱ्या सिरॅमिकचा) भाग निकामी झाला असेल तर तो धुण्याने सुधारत नाही, त्यामुळे हा उपाय मला पटत नाही. मात्र स्कॅनरवर (गाडीतल्या बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर) पी ०१३५, म्हणजे सेन्सरला आतून तापवणाऱ्या हीटरचा कोड येत असेल, तर नव्या सेन्सरचा खर्च करण्यापूर्वी फ्यूज आणि वायर अवश्य पाहावी. माझ्या गाडीच्या सेन्सरचा सॉकेट सोडवून हीटरच्या दोन पांढऱ्या वायरींना मल्टिमीटर लावला तेव्हा ६ ओहम दिसले, म्हणजे हीटर शाबूत होता. सायलेन्सरच्या पाइपाला टेकून हार्नेसकडची (गाडीच्या वायरिंगच्या जुडग्याकडची) वायर तेवढी वितळली होती.

सेन्सरच्या स्वतःच्या वायरी तुटल्या असतील तर त्यांना सोल्डरचा डाग देऊ नये, हे मला उद्यमनगरातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनने सांगितले. अनेक सेन्सर धुराशी तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीच्या तारांमधल्या फटींतूनच आत घेतात आणि डागाने ती वाट बुजते. तिथे क्रिंपचाच (धातूची नळी दाबून केलेला) जोड द्यावा आणि वायर पाइपापासून दूर बांधावी.